मुलांचे सोबती

बारा-चौदा वर्षांचें मूल आपलें कमी आणि सोबत्यांचें अधिक ऐकतें, ही तक्रार जुनीच आहे. पण पुण्यांतलीच गोष्ट पहा. जोतीराव फुले शाळा सुटून बापाच्या मळ्यांत खपत होते. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, यांनीं गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ सालीं मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेला. तेथें सदाशिव बल्लाळ गोवंडे हा ब्राह्मण सोबती मिळाला. १८४८ सालीं मुलींची शाळा निघाली, तेव्हां तोच मित्र पाठीशीं होता! शेजाऱ्याचें पोर शाळा सोडून भटकतांना दिसलें, तर मुन्शींप्रमाणें त्याच्या बापाकडे आपण जातों काय?