टायरची कड काय सांगते

आज आम्ही चौघीजणी तुमच्याशी टायरबद्दल बोलणार आहोत. एवढ्यात रेडिओ बंद करू नका. गाडी चालवत नसाल, तरी गाडीत बसता ना? मग हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आमच्यातली एक शाळेत शिकवते, एक शिवणकाम करते, एकीचं औषधांचं दुकान आहे आणि एक घर सांभाळते. चौघींत मिळून गाडी एकच, शिक्षिकाबाईंची छोटी हॅचबॅक. तीच गाडी शाळेला जाते, बाजाराला जाते, सासूबाईंना दवाखान्यात नेते. आणि वर्षातून तीन-चार वेळा आम्ही ती ऑटोक्रॉसला नेतो.

ऑटोक्रॉस म्हणजे काय? मोठं मोकळं मैदान असतं, त्यात प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता केलेला असतो. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. शंकू पाडला तर दंडाचे सेकंद वाढतात. बऱ्याच ठिकाणी हे मातीवर चालतं, आम्ही जातो ते मैदान डांबरी आहे. वेग फार नसतो, पण वळणं एकामागून एक येतात आणि प्रत्येक वळणावर गाडी अगदी पिळून निघते. त्या पिळण्याची खूण राहते ती टायरवर.

आता आमच्यावर काय प्रसंग आला ते सांगतो. आमची चूक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

पावसाळा संपत आला होता. पुण्याजवळच्या मैदानावर दिवसभर भाग घेतला, दोघींनी मिळून बारा फेऱ्या मारल्या, आणि संध्याकाळी घरी निघालो. मागच्या सीटवर शिक्षिकाबाईंची नऊ वर्षांची मुलगी झोपली होती. खंबाटकीच्या घाटात पावसाची सर आली. उजवीकडचं एक वळण आलं. वेग चाळीसच्या आसपास, म्हणजे काही जास्त नाही. स्टेअरिंग वळवलं, पण गाडी वळेना. पुढची चाकं सरळच घसरत निघाली आणि कठडा जवळ येऊ लागला. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, स्टेअरिंग थोडं सैल सोडलं, तेव्हा चाकांनी पुन्हा रस्ता धरला. कठडा हातभर राहिला होता. मुलगी जागीसुद्धा झाली नाही. आम्ही चौघी मात्र घाट संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मामांनी स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढचं डावं चाक बाहेर काढलं आणि आम्हाला खाली वाकायला लावलं. म्हणाले, ‘चपलेचा तळवा बघता की नाही तुम्ही? कोण टाच घासून चालतं, कोण बाहेरच्या कडेवर चालतं, ते चपलेवरनं कळतं. तसंच हे.’

टायरच्या मधली नक्षी छान होती. खोली मोजली तर पाच मिलिमीटर भरली. पण बाहेरची कड गोटा झाली होती. तिथली खाच जेमतेम एक मिलिमीटर. आपल्याकडे नियम असा आहे की चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, दुचाकीला ०.८. आम्ही निघताना टायर बघितला होता. पण उभ्याउभ्या, आणि तोही मधोमध. मधली नक्षी चांगली दिसली आणि आम्ही समाधान मानलं.

आता ही कडच का झिजली? गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डावीकडे कलंडतं. बसमध्ये उभं असताना आपण कलंडतो ना, अगदी तसं. त्यात पुढे इंजिन, पुढचीच चाकं गाडी ओढणार, तीच वळवणार आणि ब्रेकचाही मोठा भार त्यांच्यावरच. म्हणजे उजव्या वळणावर पुढचं डावं चाक सगळ्यात जास्त राबतं. गाडी कलली की ते चाकही थोडं बाहेर झुकतं, टायर बाहेरच्या कडेवर दुमडतो आणि रस्त्यावर ती कडच घासते. त्या मैदानावर उजवी वळणं जास्त होती, म्हणून डावा टायर जास्त गेला. घाटात पुन्हा उजवं वळण आलं, पुन्हा सगळं वजन त्याच कडेवर, आणि पाणी बाजूला काढायला तिथं खाचच उरली नव्हती. मग रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी राहिलं.

मामांनी आणखी एक विचारलं, ‘अलाइनमेंट किती वेळा केलीत?’ दोनदा, आम्ही म्हणालो. कड झिजलेली दिसली की टायरच्या दुकानात सांगायचे अलाइनमेंट गेलंय, आणि आम्ही पैसे द्यायचो. दोष अलाइनमेंटचा नव्हता. दोष आमच्या वळणांचा होता. म्हणून झीज ओळखायला शिकलो. तुम्हीही शिका, अवघड नाही.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग चांगला आहे, तर हवा बरेच दिवस कमी आहे. उलट मधला पट्टा झिजलाय आणि कडा शाबूत, तर हवा जास्त आहे. ही झाली सोपी दोन उत्तरं.

एकच कड सपाट झिजली, पण नक्षीचे गट्टू हाताला गुळगुळीत लागतात, तर चाक आत किंवा बाहेर कललेलं असू शकतं. त्याला कॅम्बर म्हणतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो सहज बदलता येत नाही.

आता हात फिरवून बघा. टायरच्या रुंदीवर, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेनं मऊ लागतं आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचतं का? तर चाकं पुढून एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली आहेत. हे खरं अलाइनमेंटचं काम. हात फिरवण्यापूर्वी मात्र नीट बघून घ्या, खिळा किंवा तार वर आलेली असेल तर बोट कापतं.

आणि जोरात वळणं घेतल्याची झीज कशी दिसते? बाहेरची कड गोल होते, जशी जुन्या साबणाची वडी. तिच्यावर तिरप्या खरवडल्याच्या रेघा असतात. ताजी असेल तर खोडरबराच्या मळीसारख्या रबराच्या बारीक गुंडाळ्या चिकटलेल्या दिसतात. दोन्ही पुढच्या टायरवर ती असते, पण ज्या बाजूची वळणं जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूच्या टायरवर जास्त. मागचे टायर त्या मानानं चांगले राहतात.

या खुणा आमच्या चालवण्याबद्दलही बोलू लागल्या. आमच्यातल्या दोघी गाडी चालवतात. एकीची वेळ चांगली यायची, पण तिच्या फेऱ्यांनंतर कड जास्त खरवडलेली असायची. ती म्हणायची, ‘मी वेळेवर ब्रेक लावते.’ टायर म्हणायचा, नाही. ती वळणात वेगानं शिरायची, गाडी वळेना की स्टेअरिंग आणखी वळवायची. चाक घसरत असताना जास्त वळवलं की ते वळत नाही, नुसतं घासतं. तेव्हाचा तो किर्रर्र आवाज आम्हाला शौर्याचा वाटायचा. तो खरा पैसे जळण्याचा आवाज होता. तिनं वळणाआधी वेग कमी करायला आणि स्टेअरिंग कमी वळवायला सुरुवात केली. कड वाचली आणि तिची वेळही सुधारली. चौघींपैकी कुणी सांगितलं असतं तर तिला राग आला असता. टायरनं सांगितलं, म्हणून ऐकलं.

मैदानावर आम्ही शाळेतला खडू वापरतो, तो शिक्षिकाबाईंकडे असतोच. फेरीआधी टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी खडूच्या जाड रेघा ओढायच्या. फेरीनंतर बघायचं, खडू कुठवर पुसला. बऱ्याच टायरना कडेला बारीक त्रिकोणाची खूण असते. खडू साधारण त्या खुणेपर्यंत पुसला तर ठीक. त्याच्या खालपर्यंत, भिंतीवर पुसला, तर टायर फार दुमडतोय, दोन पीएसआय हवा वाढवायची. नक्षीच्या कडेपर्यंतही पुसला नाही, तर हवा जास्त आहे, थोडी काढायची. पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच जायचं नाही. आणि सगळं वहीत लिहायचं, कारण गरम टायरमध्ये हवा आपोआप वाढलेली असते. थंड आणि गरम आकडे एकत्र मिसळले की हिशेब चुकतो.

घाटातल्या त्या संध्याकाळनंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, दोन महिने भाग घेतला नाही. त्या पैशांत पुढचे दोन नवे टायर घेतले. घरी खरं सांगितलं. शिक्षिकाबाईंच्या सासूबाईंनी एकच विचारलं, ‘जाताना चार टायर बघून जाता, येताना बघता का?’ आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट, त्या प्रश्नाचा आम्ही नियम केला. शेवटची फेरी झाली की गाडी थंड होऊ द्यायची. चहा प्यायचा. मग प्रत्येक टायरची खोली तीन ठिकाणी मोजायची, आतली कड, मध्य, बाहेरची कड. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा तोच टायरचा खरा आकडा. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरायची. कुठेही तार किंवा कापड दिसलं, तर स्टेपनी लावायची, नाहीतर गाडी तिथंच ठेवून एसटीनं यायचं. आणि घरी गाडी कोण आणणार? जिनं दिवसभर एकही फेरी मारलेली नाही, ती. टायरबद्दल तिचा शब्द शेवटचा. एकदा तिनं नाही म्हटलं. आम्ही रात्री अकराला एसटीनं स्वारगेटहून निघालो, फार चिडलो होतो, पण निघालो.

एक विनंती. हे सगळं मैदानावरचं आहे. रस्त्यावर किंवा घाटात अशी वळणं घेऊन बघायची नाहीत. कुणाला हौस असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे होणाऱ्या स्पर्धांत जा. तिथं हेल्मेट लागतं, डॉक्टर असतो, आणि समोरून कुणी येत नसतं.

आणि ज्यांना स्पर्धेशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी उद्या सकाळचं एक काम. घरच्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. पुढच्या टायरपाशी खाली बसा. मध्य बघा, मग बाहेरची कड बघा, आणि मग हात घालून आतली कडही बघा, कारण ती उभ्यानं दिसतच नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायची वेळ झाली. मग स्टेअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक बघा. स्कूटरचा टायर मधोमध चपटा झालाय का, तेही बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी घरात कुणीही चालवो, मागच्या सीटवर कोण झोपलंय ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून बघायचं.