बिऱ्हाड हलले तरी पत्ता टिकावा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



शताब्दीच्या या व्यासपीठावरून मी ग्रंथांऐवजी 'पॉडकास्ट'विषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणे पॉडकास्टच्या रूपाने प्रसिद्ध करण्याचा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. त्या निमित्ताने अमेरिकेतील एक हकिगत आपणांपुढे ठेवतो. तिकडून धडा घेणे वडोदऱ्याला नवे नाही. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले, आणि पुढे फिरत्या वाचनालयाच्या पेट्या खेडोपाडी पोहोचल्या.

अ‍ॅलेक्स ब्लूमबर्ग आणि मॅट लीबर यांनी २०१४ मध्ये 'गिम्लेट मीडिया' ही पॉडकास्टची निर्मिती करणारी संस्था काढली. तिच्या छत्राखाली २०१६ मध्ये जोनाथन गोल्डस्टीन यांची 'हेवीवेट' ही मालिका सुरू झाली. एखाद्याच्या मनात वर्षानुवर्षे सलणारी जुनी गोष्ट घ्यायची आणि संबंधितांना समोरासमोर बसवून ती उलगडायची, असे तिचे स्वरूप. त्यातील एक गाऱ्हाणे आपल्या देवघेव विभागाला चटकन समजेल. एका गृहस्थाने जुन्या लोकसंगीताचा ध्वनिमुद्रित संच आपल्या संगीतकार मित्राला, मोबीला, ऐकायला दिला. त्यातील आवाजांचा उपयोग केलेला मोबीचा 'प्ले' हा संग्रह १९९९ मध्ये निघाला व जगभर गाजला. संच मात्र परत आला नाही! अनेक वर्षांनी गोल्डस्टीन त्या गृहस्थाला घेऊन मोबीच्या दारी गेले.

२०१९ मध्ये स्पॉटिफाय या कंपनीने गिम्लेट विकत घेतली. पुढे गिम्लेटच्या काही मालिका फक्त स्पॉटिफायवरच ऐकता येऊ लागल्या. त्यामुळे काही मालिकांचे श्रोते तीन-चतुर्थांशांपर्यंत घटले, असे तेथील कर्मचारी संघटनेने २०२२ मध्ये जाहीरपणे म्हटले. जून २०२३ मध्ये गिम्लेटचे वेगळे अस्तित्व संपले. त्याच वर्षी तिच्या 'स्टोलन' या मालिकेला पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. तरीही डिसेंबरात 'स्टोलन' आणि 'हेवीवेट' या दोन्ही मालिका बंद करण्याचा निर्णय झाला. पुढे माल्कम ग्लॅडवेल आणि जेकब वाइसबर्ग यांनी २०१८ मध्ये स्थापन केलेल्या 'पुश्किन इंडस्ट्रीज'ने 'हेवीवेट'ला घर दिले. मालिका पुन्हा ऐकू येण्यास २०२५ साल उजाडले.

अशा बिऱ्हाडबदलात नेमके काय हलवावे लागते? ध्वनिमुद्रणे दुसरीकडे नेणे कठीण नाही. खरा प्रश्न 'फीड'चा असतो. फीड म्हणजे मालिकेच्या सर्व भागांची वाढती सूची. तिचा पत्ता श्रोत्याच्या यंत्रात नोंदलेला असतो, आणि नवा भाग आला की काय हे पाहण्यास ते यंत्र त्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा जाते. जुन्या पत्त्यावर नव्या घराची पाटी लावता आली, तर श्रोत्याला काहीही करावे लागत नाही. मात्र पत्ता जुन्या मालकाच्या ताब्यात असेल आणि तो पाटी लावू देत नसेल, अथवा मालकच उरला नसेल, तर श्रोते दुरावतात. आपल्याकडे सभासदांचे रजिस्टर आहे; उद्या वास्तू बदलली तर प्रत्येकाच्या घरी पत्र जाईल. पॉडकास्टकडे श्रोत्यांची अशी नावनिशी नसते. पत्र धाडायचे तरी कोणाला?

हे मी एका चुकीची टोचणी बाळगून बोलतो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वृद्ध गुरुजींच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित केल्या आणि एका विनामूल्य सेवेवर ठेवल्या. सेवा बंद होणार असल्याची सूचना आली होती. मी ती उघडूनही पाहिली नाही. मूळ प्रत जपलेली नव्हती. आज गुरुजी नाहीत आणि त्यांचा आवाजही नाही. ज्यांनी तो सांभाळायला माझ्यावर विश्वास टाकला, त्या त्यांच्या मुलांपुढे उभे राहणे मला अजूनही जड जाते.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. मूळ ध्वनिमुद्रणे वाचनालयातच ठेवावीत, ग्रंथांप्रमाणे त्यांना दाखल क्रमांक द्यावा, आणि एक प्रत अन्यत्रही असावी. फीडचा पत्ता वाचनालयाच्या स्वतःच्या नावे नोंदलेला असावा. वक्त्यांची लेखी संमती वाचनालयाच्या नावे घ्यावी. ज्या कंपनीकडे प्रसारणाचे काम जाईल, तिच्या करारात स्थलांतराचे कलम असल्यावाचून सही करू नये. खर्च फार नाही. दक्षता मात्र हवी.

या सभागृहात बोलून गेलेल्या कितीतरी थोरांचा आवाज आज आपल्याजवळ नाही. त्या काळी साधन नव्हते, हे कारण त्यांच्यापुरते खरे आहे. आपल्याला ते कारण सांगता येणार नाही.