चिडचिड, औदासीन्य आणि गळ्यातील एक ग्रंथी

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



गावात एखाद्या सुनेविषयी बोलले जाते, "पूर्वी हिला कामाचा केवढा उरक होता! आता दिवस वर आला तरी उठत नाही. काही बोलावे तर रडते, नाहीतर अंगावर येते." सासरी ती आळशी ठरते, शेजारी बाहेरची बाधा सुचवितात. एखाद्या शिक्षकाचे असे झाले, तर त्याच्या गोपनीय अहवालात कामचुकारपणाचा शेरा पडतो. शेरा लिहिणारा आणि अंगारा आणणारा, दोघेही एक साधा प्रश्न विचारीत नाहीत : हा बदल केव्हापासून झाला, आणि त्याबरोबर शरीरात आणखी काय बदलले?

आपल्या गळ्याच्या पुढील भागात अवटू, म्हणजे थायरॉईड, नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यातून रक्तात मिसळणारी संप्रेरके शरीराच्या सर्व व्यवहारांची गती ठरवितात, मेंदूच्याही. ही ग्रंथी किती काम करते यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी. एस. एच. या संप्रेरकाद्वारे देखरेख करते. अवटू मंदावली की टी. एस. एच. वाढते. कार्यालयातील मंडळींना हे चटकन उमजेल. खालून अहवाल येईना, की वरून स्मरणपत्रांचा मारा सुरू होतो! रक्ततपासणीत आपण ही स्मरणपत्रेच मोजतो.

या ग्रंथीचा मनाशी असलेला संबंध काही नवा शोध नव्हे. १८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने अशा रुग्णांविषयी मोठा अहवाल काढला. त्यांत भ्रम व भास होणारे अनेक जण होते. १८९१ साली न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी एका बाईस मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९४९ साली डॉ. रिचर्ड ॲशर यांनी चौदा मनोरुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांचे मूळ दुखणे अवटूचे होते, आणि त्यावरील उपचारांनी त्यांतील बहुसंख्यांना गुण आला. उपचाराअभावी अशी किती माणसे वेड्यांच्या इस्पितळात जन्म काढून गेली असतील, याची कल्पना करवत नाही.

आपल्याकडे हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईसह आठ शहरांतील प्रौढांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांची अवटू मंद असल्याचे आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते.

अवटू मंद असली की औदासीन्याबरोबर थकवा, विसराळूपणा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे, पाळीत अनियमितता यांपैकी काही लक्षणे दिसतात. ती अतितीव्र झाली तर चित्र उलटे होते : वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात, उकाडा सोसवत नाही, झोप उडते, आणि माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो. घरचे म्हणतात, स्वभावच तापट झाला.

बाळंतिणीकडे मात्र विशेष लक्ष हवे. प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एकदम खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे पुष्कळ जणींच्या अनुभवास येते व ते साधारण दोन आठवड्यांत निवळते. त्यापुढेही रडू थांबेना, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखविलेच पाहिजे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींच्या अवटूसही सूज येते. अशा मुलीला "माहेरी पाठवा म्हणजे ठिकाणावर येईल" असे सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. आशा कार्यकर्तीला निरोप धाडणारे थोडे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पंचायत सदस्याने तो डोळ्यांआड करू नये.

तथापि प्रत्येक औदासीन्याचे मूळ ग्रंथीत नसते. कर्ज, नापिकी, घरातील छळ यांनीही मन खचते, आणि रक्ताचा अहवाल निर्दोष आला म्हणून दुःख खोटे ठरत नाही. मानसिक आजार हाही आजारच होय. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर अहवालाची वाट पाहत बसू नये, आणि त्यास एकटे सोडू नये.

आता औषधाविषयी, कारण सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. मंद अवटूवरील थायरॉक्झिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावयाची. चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाची वा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे. गरोदर स्त्रियांना या तिन्ही गोळ्या एकाच वेळी चालू असतात, हे आरोग्यसेविकांनी ध्यानात ठेवावे. मात्रा बरोबर आहे की नाही, हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून ठरते. मनाची मरगळ जाण्यासही आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत "गुण नाही" असे म्हणून गोळी टाकू नये. बरे वाटू लागल्यावर ती आपल्या मनाने सोडणेही तितकेच घातक. दिवस राहिले तर ती चालूच ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते.