निगेटिव्ह ही शहराची ठेव



कृष्णधवल फिल्मवर रस्त्याची छायाचित्रं काढणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. हे संमेलन मुंबईत भरतंय, याचा विशेष आनंद आहे. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. पुढे होमाई व्यारावाला, सूनी तारापोरवाला, केतकी शेठ, सुधारक ओलवे यांनी हे शहर कृष्णधवल छायाचित्रांत उभं केलं. ओलव्यांनी पालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं टिपलं, तेव्हा शहराला नजर वळवणं अवघड झालं.

फिल्म आजही का, असं आपल्याला विचारलं जातं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखाली भर दुपारी उभे राहा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत गडद सावली आणि त्या सावलीत बसलेला विक्रेता. सावलीचं मोजमाप घेऊन एक्स्पोजर द्यावं, डेव्हलपिंग थोडं आवरतं घ्यावं. विक्रेत्याचा चेहराही मिळतो आणि उन्हातली भिंतही कोरी होत नाही. मुंबईचा उजेड समजून घेण्याची ही शिस्त फिल्मने आपल्याला लावली.

पण आज मला बोलायचं आहे ते छायाचित्र काढून झाल्यानंतरच्या कामाबद्दल. डिजिटल फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचा क्रमांक असतो, बस्स. कुठे, केव्हा, कोण, हे आपण लिहिलं तरच उरतं. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईचं गिरणगाव बदलत गेलं. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. पाळी सुटतानाच्या गर्दीची निगेटिव्ह कुणाकडे असेल, पण फाटक कोणत्या गिरणीचं हे लिहिलेलं नसेल, तर उद्याच्या अभ्यासकाच्या हाती गर्दी येईल, गिरणी येणार नाही.

छायाचित्रकाराच्या नावाचंही तसंच आहे. होमाईंची सुरुवातीची छायाचित्रं त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. होमाईंना त्यांचं श्रेय पुढे मिळालं. त्यांनी आपला संग्रह हयातीतच दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, ही दूरदृष्टी आपण शिकली पाहिजे. आपल्या माघारी घरच्यांनी कपाट उघडलं, तर आतल्या डब्यांत काय आहे हे त्यांना कळेल का?

त्यात मुंबईची दमट हवा. पावसाळ्यात जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते आणि एकदा तिने थर खाल्ला की तो भाग परत येत नाही. हायपो, म्हणजे फिक्सर, नीट धुतला गेला नसेल, तर चांदीची प्रतिमा वर्षागणिक विटत जाते. म्हणून पुरेसं धुणं, चांगल्या प्रतीच्या स्लीव्ह, सिलिका जेल आणि कोरडं कपाट हा आपल्या कलेचाच भाग आहे.

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. सर्वांत जुना डबा आधी उघडा. प्रत्येक रोलची कॉन्टॅक्ट शीट करा आणि तिच्या मागे ठिकाण, वर्ष, चाळीचं किंवा गल्लीचं त्या वेळचं नाव मऊ पेन्सिलीने लिहा. ज्यांची छायाचित्रं घेतली त्यांची ओळख असेल, तर त्यांच्याशी पुन्हा बोला. त्यांच्या संमतीनेच त्यांचं नाव लिहा. ज्येष्ठांच्या शेजारी तरुणांनी बसावं, कारण अनेक जागा आता केवळ ज्येष्ठांच्या आठवणीत आहेत.

चित्रपटांसाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. शहरांच्या निगेटिव्हनाही त्याच तोलाचं, थंड आणि कोरडं सार्वजनिक भांडार मिळालं पाहिजे, अशी मागणी या संमेलनाने ठरावाने करावी. मात्र सरकारकडे जाण्याआधी आपल्या घरातल्या नोंदी पूर्ण असू द्या. नोंद नसलेली पेटी कोणतंही भांडार वाचवू शकणार नाही.