मित्राच्या कर्जाची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'धम्म आणि कुटुंब' असा विषय दिला होता. विषय फार मोठा, आणि त्यावर बोलण्याचा आमच्याहून जास्त अधिकार असलेली मंडळी समोरच बसलेली आहेत. म्हणून आम्ही असं ठरवलं, की गेल्या अडीच वर्षांत आम्हा चौघा मित्रांना जे करावं लागलं तेवढंच सांगायचं. आमच्याच एका मित्राचा संसार कर्जात बुडत होता. त्याची आणि वहिनींची परवानगी घेऊन बोलतो आहोत. नाव सांगणार नाही. कोणी ओळखलंच, तर सभा संपल्यावर त्याला गाठून चौकशी करू नका एवढी विनंती.

मित्र कारखान्यात कायम होता. कारखाना बंद पडला. आपल्या ठाणे जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नाही. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, 2009 साली बंद झालेली मोहोन्याची एन.आर.सी., या सगळ्यांच्या पगारावर आपल्या लोकांच्या चाळी उभ्या राहिल्या आणि त्याच बंद पडल्यावर त्या चाळीतली माणसं ठेकेदाराकडे लागली. आमचाही मित्र ठेकेदाराकडे लागला, पगार निम्म्यावर आला. त्यातच आईचं आजारपण निघालं. आई गेली, दवाखान्याचं बिल राहिलं. ते बिल फेडायला पतसंस्थेचं कर्ज, तिचा हप्ता भरायला बँकेचं, बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून कार्ड, आणि शेवटी सावकार.

आम्हाला हे कळलं कधी? तो विहारात यायचा बंद झाला तेव्हा. खरं तर त्या आधीच कळायला हवं होतं. त्याने दोनदा आमच्याकडे पैसे मागितले होते. एकदा दहा हजार, एकदा पाच. आम्ही दिले, आणि कशाला हवेत हे विचारलंही नाही. विचारलं तर त्याला वाईट वाटेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पुढे समजलं, ते पंधरा हजार एका महिन्यात व्याजात गेले.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती अध्यक्षांना विचारूनच सांगतो. त्या वर्षी 14 एप्रिलच्या जयंतीची दोन हजारांची पावती आपण त्याच्या हातावर ठेवली होती. त्याने भरली नाही, तेव्हा बाकीच्यांसोबत त्याचंही नाव विहाराच्या फळ्यावर लिहिलं गेलं. फळ्यावरचं अक्षर आमच्यातल्याच एकाचं. दुसऱ्या दिवशी तो पैसे देऊन गेला, आणि आम्हाला बरं वाटलं. ते दोन हजार त्याने सावकाराकडून आणले होते. बाबासाहेबांच्या जयंतीसाठी महिना शंभराला दहा व्याजाने! समितीने त्यानंतर फळ्यावर नावं लिहिणं बंद केलं, याबद्दल समितीचे आभार मानतो.

एका रात्री अकरा वाजता वहिनींचा फोन आला, "भावोजी, हे काहीतरीच बोलायला लागलेत, तुम्ही या." आम्ही गेलो. तो म्हणाला, "मी नसलो की सगळं मिटेल." आम्ही त्या रात्री हिशोबाचं अक्षर काढलं नाही. दोघं जण त्याच्याकडेच झोपलो. सकाळी त्याच्या समोर 14416 ला फोन लावला. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा 2022 पासून आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंतर ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीतही त्याला घेऊन गेलो. तिथे जायला तो लाजत होता. आम्ही म्हटलं, कळव्याच्या हॉस्पिटलात ताप आला म्हणून जातोस ना, तसंच हे. चार महिने गोळ्या घेतल्या. झोप लागायला लागली, तेव्हा कुठे माणूस कागद बघायला तयार झाला.

मग एका रविवारी शंभर पानी वही आणली. आम्ही अट एकच घातली, की वहिनी समोर बसल्या पाहिजेत. तो सुरुवातीला म्हणाला होता, "असेल दीडेक लाख." एकेक कागद निघत गेला. पतसंस्था 1,50,000. बँक 1,80,000. दोन कार्डं मिळून 92,000. सोनं गहाण, त्याचे 60,000. सावकार 50,000. नातेवाईक आणि वाणी मिळून 38,000. शेवटी वहिनी उठल्या, तांदळाच्या डब्यातून एक पिशवी काढली आणि वहीवर ठेवली. महिला गटाची तीन कर्जं, 1,05,000. त्यातल्या एकाची त्याला माहितीच नव्हती. घरात दोघं एकमेकांपासून लपवत होती आणि दोघंही एकमेकांना वाचवण्यासाठी. बेरीज झाली 6,75,000. महिन्याचे हप्ते आणि व्याज 29,000, आणि दोघांची मिळून कमाई 25,000. जेवणाआधीच चार हजार कमी!

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मित्र म्हणाला, "आज पहिल्यांदा आकडा बघितला." आणि वहिनींनी चहा टाकला.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात एक अनण सुख, म्हणजे कुणाचंही देणं नसण्याचं सुख, हे आपण ऐकलेलं आहे. अंगुत्तर निकायातच दुसऱ्या एका सुत्तात दारिद्र्य, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी दुःखांची पायरी-पायरीने चढण सांगितली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे वर्णन, पण त्या वहीचं पान समोर ठेवलं तर क्रम तोच. फोनवरचा तगादा, मग दारावर माणूस, मग बहिणीच्या सासरी फोन.

कामगाराचं कर्जही जुनंच. 1929 साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने 1931 च्या अहवालात लिहून ठेवलं आहे, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. तेव्हाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. म्हणजे वर्षाला 75 टक्के. आमच्या मित्राचा सावकार वर्षाला 120 टक्के घेत होता. गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा सावकार आपल्या आजोबांनी पाहिला. त्याच्यापेक्षा हा महाग पडला.

या सावकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सभेत बसलेल्या काही घरांना याची गरज असेल. पन्नास हजारांवर महिना पाच हजार व्याज, बावीस महिने भरलं. एक लाख दहा हजार गेले आणि मुद्दल जसंच्या तसं उभं. 2014 सालच्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा दर शासनाने त्याच वर्षी ठरवून दिला. चक्रवाढ चालत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. हिशोब करा. अठरा टक्क्याने महिन्याला साडेसातशे रुपये होतात. कोरा चेक लिहून घ्यायलाही मनाई आहे. या माणसाकडे परवाना नव्हता, मित्राच्या सहीचे दोन कोरे चेक आणि पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड मात्र होतं.

आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. आवाज चढवला नाही. वहीचं पान दाखवलं आणि सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या नावाने लिहिलेला अर्ज दाखवला. सावकारीचं काम त्याच कार्यालयाकडे असतं, हे आमच्यातल्या एकाला बाबूगिरी केल्यामुळे माहीत होतं. त्याने कार्ड टेबलावर टाकलं, एक चेक दिला. दुसरा 'सापडत नाही' म्हणाला. तेव्हा आम्ही अर्ज देऊनच टाकला, पोच घेतली, आणि बँकेला त्या चेकचा नंबर लेखी कळवून तो थांबवला. पण चेक थांबवला म्हणजे सगळं झालं असं समजू नका. चेक न वटल्याची नोटीस आली तर उत्तर द्यावंच लागतं, कारण तो खटला फौजदारी कोर्टात चालतो. त्या अर्जाची चौकशी अजून चालू आहे. तो माणूस रस्त्यात भेटला की आजही आमच्याकडे बघत नाही.

बाकीची देणी कायदेशीर, ती द्यायचीच. पण आधी कोणाचं? इथे आमच्यात भांडण झालं. एकाचं म्हणणं, जो जास्त ओरडतो त्याचं आधी मिटवा. कार्डवाले दिवसाला दहा फोन करायचे. आम्ही शेवटी ठरवलं ते असं. आधी धान्य, वीज, मुलांची फी. मग पतसंस्था, कारण तिथे दोन जामीनदार आहेत, त्याच्याच खात्यातले कामगार, आणि करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्या कर्जापायी दुसऱ्याचा पगार कापला जाऊ द्यायचा नाही. मग वहिनींचे गट, कारण तिथे शेजारच्या बायका अडकतात. मग बँक, आणि ओरडणारं कार्ड सर्वांत शेवटी.

पतसंस्थेचे सचिव भले निघाले, मुदत वाढवून हप्ता 5,200 चा 3,100 केला. बँकेत मात्र तीन खेपा झाल्या. काउंटरवरचा मुलगा तोंडी 'बघू' म्हणायचा. चौथ्या खेपेला लेखी अर्ज दिला आणि शिक्का घेतला, तेव्हा हालचाल झाली. गटाच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केले, की कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाईल असं कर्ज देऊ नये, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर त्रास देऊ नये. वहिनींना तिसरं कर्ज देताना हे कोणी बघितलेलं नव्हतं. साहेबांना वही दाखवली. त्यांनी एक कर्ज लांबवून दिलं, दोन दिली नाहीत.

एक दिवस कोर्टाचा कागद आला. मित्र थरथरत होता, त्याला वाटलं पोलीस येणार. वाचलं तर लोकअदालतीची नोटीस. घरी येणारी माणसं 'आत टाकू, भांडी उचलू' म्हणायची. प्रामाणिकपणे फेडायची ऐपतच नसलेल्या माणसाला नुसत्या दिवाणी कर्जासाठी तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितलेलं आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, प्रॉव्हिडंट फंड यांची जप्ती होत नाही. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. त्याच्या एकोणीस हजारांतले तेरा हजार कोर्टाचा हुकूम होऊनही घरातच राहिले असते. हे ऐकल्यावर तो त्या दिवशी पोटभर जेवला.

वकिलाची फी लागली नाही. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, आणि 1990 साली घटनेच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, 15100 वर फोन करूनही विचारता येतं. तिथल्या वकीलबाईंनी लोकअदालतीत बँकेशी बोलून थकलेलं व्याज बरंच कमी करून घेतलं.

तुम्ही विचाराल, मग तुम्ही चौघांनी पैसे किती दिले? पंधरा हजारांनंतर एक रुपया दिला नाही. जामीनही राहिलो नाही. त्याने मागितलं होतं, आणि 'नाही' म्हणताना जीभ जड झाली. सिगालोवाद सुत्तात खरा मित्र गुपित राखतो आणि संकटात सोडून जात नाही, असं सांगितलं आहे. गरज पडली की दुप्पट देतो, असंही आहे. आमच्या खिशात दुप्पट नव्हतं. रविवार होते, ते दिले. दर रविवारी दहा ते बारा. सुरुवातीला सगळे जायचो, पुढे आळीपाळीने.

सगळं फिटलेलं नाही. वहीत आज 3,40,000 बाकी आहे. बांगड्या सुटल्या, मंगळसूत्र सुटायचं आहे. एक कार्ड तडजोडीत मिटलं, त्याचा डाग कागदावर राहिला, आता त्याला नवीन कर्ज लवकर मिळणार नाही. त्याबद्दल वहिनींना अजिबात वाईट वाटत नाही!

वही आता वहिनींकडे असते. मागच्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला, की येत्या रविवारी पतसंस्थेत त्या दोघंच जाणार आहेत, भावोजींनी येऊ नये, घरी नातवंडांना सांभाळावं. आम्ही बरं म्हटलं.

जयभीम.