आपलं चित्र कोण काढणार?

(बीड येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी मूळचा आपल्याच जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, म्हणजे मी करिअरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी कॉमिक्सवर बोलणार आहे. पस्तिशीला आलेला माणूस अजून कॉमिक्स वाचतो म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. सिनेमात, बातम्यांत, व्हॉट्सअॅपवर आपली चित्रं रोज कुणी ना कुणी काढतंय. ती बघून आपल्याला राग येतो आणि आपण म्हणतो, ‘चांगला मुसलमान दाखवा.’ ही मागणीच मला अपुरी वाटते. चांगला दाखवू नका, खरा दाखवा, असं म्हणायला हवं.

‘मिस मार्व्हल’ घ्या. मार्व्हलने 2014 मध्ये ही मालिका सुरू केली. कमला खान ही जर्सी सिटीतली सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, संपादक सना अमानत. पहिल्या संग्रहाला 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. यातली मला सगळ्यात आवडलेली जागा पहिल्याच अंकात आहे. कमलाला शक्ती मिळते आणि ती गोऱ्या, सोनेरी केसांच्या कॅरल डॅनव्हर्ससारखी दिसायला लागते, कारण हिरो म्हणजे असंच दिसायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. स्वतःच्या चेहऱ्याने लोकांना वाचवायला ती पुढे शिकते. घरात भाऊ फार धार्मिक आहे, आणि बाप त्याला टोमणा मारतो की ही सगळी इबादत नोकरी शोधायचं टाळण्यासाठी तर नाही ना! असे संवाद आपल्या मोहल्ल्यात रोज ऐकू येतात. हे घर उपदेश करत नाही, म्हणून ते पटतं.

अलीकडे मार्व्हलने तिचं जे केलं ते मला आवडलेलं नाही. 2023 मध्ये तिला मारलं, तेही स्पायडर-मॅनच्या अंकात, दुसऱ्याच्या गोष्टीत. थोड्याच महिन्यांत म्युटंट म्हणून परत आणलं. त्यानंतरच्या ‘द न्यू म्युटंट’ मालिकेच्या लेखनात पडद्यावरची कमला, म्हणजे इमान वेलानी, स्वतः सबीर पीरजादांसोबत होती, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण पात्राची मालकी कंपनीची असली की त्याचं जगणं-मरणं बाजार ठरवतो.

दुसरं उदाहरण ‘द 99’. कुवेतचे नाईफ अल-मुतव्वा यांनी 2006 मध्ये अल्लाहच्या नव्याण्णव नावांवरून सुचलेले सुपरहिरो आणले. हेतू चांगला होता. पण एकेक पात्र एकेका गुणाची पाटी गळ्यात घालून उभं राहतं. पाटी वाचून झाली की त्या पात्राबद्दल कुतूहल उरत नाही.

आता माझं सर्वांत आवडतं पुस्तक. इजिप्तच्या दीना मोहम्मद हिचं ‘शुबैक लुबैक’ 2023 मध्ये इंग्रजीत आलं. त्यातल्या जगात इच्छा बाटलीत भरून विकल्या जातात आणि सरकार त्यांची नोंदणी करतं. अजीजा नावाची गरीब विधवा कष्टाचे पैसे जमवून एक उत्तम दर्जाची इच्छा विकत घेते, आणि अधिकारी तिलाच विचारतात, ‘तुझ्यासारखीकडे ही आली कुठून?’ तिला कोठडीत टाकतात. रेशन कार्डाच्या, जातीच्या दाखल्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. शुक्री हा टपरीवाला पक्का नमाजी. इच्छा वापरणं त्याला गुनाह वाटतं, पण टपरीत पडलेल्या इच्छांचं करायचं काय, हा पेच त्याला सुटत नाही. लेखिका त्याची टिंगल करत नाही आणि त्याला वलीही बनवत नाही.

आपल्या जवळही मोठी माणसं आहेत. आबिद सुरती यांनी 1976 मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी ‘बहादूर’ निर्माण केला. इंद्रजाल मराठीतही निघायचं. बहादूर हा डाकूचा मुलगा. बापाच्या मृत्यूचा बदला घ्यायला निघतो आणि शेवटी गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. मुस्लिम लेखकाने फक्त मुस्लिमांचंच लिहायला हवं असं नाही, हे सुरतींनी कधीच दाखवून दिलंय.

आता एक अवघड पुस्तक. ‘भीमायन’ 2011 मध्ये आलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यात विखारी बोलणाऱ्यांच्या संवादाच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. त्यात दौलताबादचा प्रसंग आहे. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर त्यांनी धुळीने माखलेले हातपाय धुतले. पाणी बाटवलं म्हणून एक म्हातारे मुस्लिम गृहस्थ ओरडत धावले, जमाव जमला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना आत सोडलं. हे आपल्या मराठवाड्यात घडलंय आणि करणारे आपले लोक होते.

हे पान कुणी आपल्याला बदनाम करायला काढलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला अनुभव आहे तो. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा तो जगाने बघावा असं आपल्याला वाटतं ना? मग हे पानही आपण उलटून पुढे जायचं नाही. आपल्या वस्तीत आजही कुणाच्या घरचं पाणी चालतं, कुणाचं चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या फुग्याला नांगी कधी असते, हेही आपणच काढायला हवं.

म्हणून सांगतो, काढायला लागा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरात आजीजवळ राहिलेली मुलगी काढा. खजाना बावडी काढा. घरातली दखनी आणि शाळेतली मराठी एकाच पानावर बोलू द्या. एआयला सांगू नका. हे माझ्या धंद्यातलं बोलतोय: ते यंत्र आधी पाहिलेल्या चित्रांवरून चित्र बनवतं, म्हणून ‘मुसलमान’ म्हटलं की बहुतेक वेळा टोपी आणि दाढीच पुढे करतं. तुमच्या अम्मीचा चेहरा त्याने पाहिलेला नाही.

आठ पानं पुरेत. वहीत काढा, मोबाईलने फोटो काढा, एकमेकांना दाखवा. पहिलं कॉमिक कच्चं निघेल, तरी चालेल. ते वाचून शेजारच्याने ‘अरे, हे तर आपलंच घर!’ म्हटलं की दुसरं काढायला घ्या.