वनमानव, मैना आणि युवाशक्ती

मलय भाषेत ओरँगउटान म्हणजे ‘वनातील माणूस’. बोर्निओ व सुमात्रा बेटांवरील या कपीच्या तिन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहेत. मादी साधारणतः ७-८ वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. तेथील जंगले पामतेलाच्या लागवडीसाठी तुटली आणि पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. म्हणजेच चौबे कॉलोनीतील स्वयंपाकघराचाही या प्रश्नाशी संबंध येतो. पाकिटावरील तेलाचे नाव वाचणे, ही शहरी युवकाची पहिली पायरी होय. पुढची पायरी छत्तीसगडमध्येच दिसते. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात राज्यपक्षी पहाडी मैनेच्या घरट्यांवर स्थानिक युवक ‘मैना मित्र’ म्हणून लक्ष ठेवतात. अशी साथ लाभली, तरच १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा प्रत्यक्ष जंगलापर्यंत पोहोचतो.